कर्नलने सोडलेला हक्क

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला आज एक पेनड्राइव्ह जोडला तर त्याला ‘एसडीबी’ हे नाव मिळते. उद्या आधी दुसराच कोणता तरी ड्राइव्ह जोडला आणि मग हा, तर हाच ‘एसडीसी’ होतो. वस्तू तीच, तिच्यातला मजकूर तोच, संगणकही तोच. बदलला तो फक्त जोडण्याचा क्रम. रोज रात्री ‘एसडीबी’च्या पहिल्या पार्टिशनवर बॅकअप घ्यायला बसवलेली स्क्रिप्ट मग भलत्याच ठिकाणी लिहू लागते. ‘डीडी’ ही आज्ञा तर समोर दिलेल्या नावावर काहीही न विचारता बाइटमागून बाइट ओतत जाते. तिथे एका अक्षराची चूक म्हणजे अख्खी डिस्क पुसली जाणे. लिनक्स घडवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे कधीच नव्हते. तरीही नव्वदच्या दशकापासून २००५-०६ पर्यंत हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा होता. उत्तराला एवढा वेळ लागण्याचे कारण माझ्या मते निव्वळ तांत्रिक नाही. डिस्कला नाव देण्याचा हक्क कोणाचा, हेच ठरत नव्हते. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, तो हक्क स्वतःकडे ठेवला तोवर नावे डळमळत राहिली. त्याने तो सोडला तेव्हाच ती स्थिरावली. हा हक्क कसा सुटला ते बारकाईने पाहायला हवे, कारण वाटेत प्रत्येक टप्प्यावर विरुद्ध बाजूनेही वजनदार मुद्दे मांडले गेले होते.

त्यासाठी आधी मूळ युनिक्समध्ये जायला हवे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७४ साली युनिक्सची ओळख करून देणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात उपकरणांना फाइलींसारखे वागवण्याची कल्पना ठळकपणे मांडलेली आहे. प्रत्येक उपकरणासाठी ‘डेव्ह’ या डिरेक्टरीत एक खास फाइल असायची; ती उघडली, वाचली, लिहिली की प्रत्यक्षात उपकरणाशी व्यवहार व्हायचा. या फाइलीत मजकूर नसतो, दोन क्रमांक असतात: कोणत्या ड्रायव्हरला हाक मारायची हे सांगणारा ‘मेजर’ आणि त्या ड्रायव्हरच्या ताब्यातले नेमके कोणते उपकरण हे सांगणारा ‘मायनर’. कर्नल फक्त हे क्रमांक पाहतो. फाइलीचे नाव माणसासाठी असते, आणि यंत्रणेचा व्यवस्थापक ते हवे तसे बदलू शकतो. म्हणजे नाव आणि उपकरण यांची फारकत युनिक्सने पहिल्यापासूनच केली होती. पण क्रमांक मात्र जागेला बांधलेला होता. त्याच निबंधात बेल लॅब्जमधल्या यंत्राचे वर्णन आहे: अडीच मेगाबाइटच्या, काढता येणाऱ्या काडतुसांवर चालणारे चार ड्राइव्ह, आणि ४० मेगाबाइटचा सुटा डिस्कपॅक घेणारा आणखी एक. साठवणीचे माध्यम काढता-घालता येणे ही यूएसबीने आणलेली नवलाई नव्हे, हे इथे लक्षात घ्यावे. त्या काळी अडचण भासली नाही, कारण नाव ड्राइव्हचे होते आणि ड्राइव्ह जमिनीवर पक्का उभा होता. त्यात कोणते काडतूस घातले आहे हे यंत्राशेजारच्या माणसाला ठाऊक असायचे. ओळख पटवण्याचे काम माणूस करत होता. यंत्राने फक्त जागा सांगितली तरी भागत होते.

लिनक्सने १९९१ नंतर हीच रीत उचलली, आणि साध्या घरगुती संगणकावर ती बरी चालली. आयडीई डिस्कची नावे जागेवरून ठरत. पहिल्या केबलवरची मास्टर डिस्क ‘एचडीए’, स्लेव्ह ‘एचडीबी’. दुसऱ्या केबलवरची मास्टर ‘एचडीसी’, स्लेव्ह ‘एचडीडी’. मधली डिस्क काढली तरी ‘एचडीसी’ ही ‘एचडीसी’च राहायची. सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या स्कझी डिस्कच्या बाबतीत वेगळा मार्ग निवडला गेला. स्कझीच्या एका तारेवर अनेक उपकरणे, अशा तारा अनेक, त्यांची कार्डे वेगवेगळ्या कंपन्यांची. सगळ्या शक्यतांसाठी आधीच नावे राखून ठेवणे परवडणारे नव्हते. म्हणून डिस्क जशी सापडेल तसे पुढचे अक्षर: एसडीए, एसडीबी, एसडीसी. दवाखान्यातल्या टोकनासारखे हे नाव आहे. ते रांगेतली जागा सांगते, माणसाविषयी काहीच सांगत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच टोकन दुसऱ्याच्या हातात असते. नव्वदच्या दशकात सर्व्हर सांभाळणाऱ्यांना याचा चटका आधी बसला. कमी क्रमांकाच्या जागी एक नवी डिस्क बसवली की यंत्र पुन्हा सुरू होताना तिच्यामागच्या साऱ्या डिस्क एकेका अक्षराने पुढे सरकत, आणि कोणती डिस्क कुठे माउंट करायची हे सांगणारी ‘एफएसटॅब’ फाइल एका झटक्यात खोटी ठरे.

दुसरी कोंडी क्रमांकांची होती. तेव्हा मेजर आणि मायनर या दोन्हींना आठ-आठ बिट मिळत, म्हणजे प्रत्येकी २५६ किमती. एका स्कझी डिस्कसाठी सोळा मायनर राखलेले असत, एक अख्ख्या डिस्कसाठी आणि पंधरा पार्टिशनांसाठी. म्हणून एका मेजरमध्ये सोळाच डिस्क बसत. क्रमांक वाटण्याची नोंदवही एच. पीटर ॲन्विन सांभाळत होते, आणि नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्याला त्यांच्याकडे अर्ज करावा लागे. २००१ साली लायनस टोरवाल्ड्स यांनी नवे क्रमांक देणेच थांबवले. दुसरीकडे, संगणकाला कधी काळी जोडले जाऊ शकेल असे प्रत्येक उपकरण गृहीत धरून ‘डेव्ह’मध्ये फाइली आधीच करून ठेवल्या जात. २००३ मधल्या रेड हॅट ९ या लिनक्स वितरणात अशा नोंदी १८,००० हून जास्त होत्या. त्यातल्या बहुतेकांमागे कोणतेही उपकरण नव्हते. या डिरेक्टरीत डोकावून संगणकाला प्रत्यक्षात काय जोडलेले आहे हे कळणे अशक्य होते.

या परिस्थितीत यूएसबी आले. इंटेलसह सात कंपन्यांनी मिळून आखलेल्या या जोडणीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ची. इंटेलमधले तिचे एक प्रमुख शिल्पकार अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. २००० च्या अखेरीस आठ मेगाबाइटचे पेनड्राइव्ह बाजारात आले आणि फ्लॉपीची सद्दी संपायला लागली. यूएसबीवरच्या साठवणीचे नियम लिहिणाऱ्यांनी नवी भाषा न घडवता स्कझीच्याच आज्ञा तारेवरून पाठवायचे ठरवले. निर्णय शहाणपणाचा होता. लिनक्समध्ये मॅथ्यू डार्म यांनी सांभाळलेल्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरला स्वतः डिस्क हाताळावी लागली नाही. तो पेनड्राइव्हला स्कझी डिस्कचे रूप देऊन वरच्या थराकडे सोपवतो. पण त्यामुळे खिशात मावणारी, दिवसातून दहा वेळा काढ-घाल होणारी वस्तू थेट सर्व्हरच्या डिस्कच्या रांगेत येऊन उभी राहिली. चार खाचांचा कार्डरीडर जोडला तर खाचा रिकाम्या असल्या तरी चार अक्षरे खर्ची पडत. यूएसबीचे स्वतःचे क्रमांकनही आधाराला नव्हते, कारण १ ते १२७ मधला पत्ता प्रत्येक जोडणीत नव्याने दिला जातो. वर्षाकाठी एकदा डिस्क बदलणाऱ्या व्यवस्थापकाची अडचण आता प्रत्येक वापरकर्त्याच्या टेबलावर आली.

मात्र यूएसबीने पुरावेही आणले, आणि पुढचा सारा इतिहास या पुराव्यांवर उभा आहे. प्रत्येक उपकरण जोडताच आपल्याविषयी माहिती देते: उत्पादकाचा सोळा बिटांचा क्रमांक, मालाचा सोळा बिटांचा क्रमांक, आणि असलाच तर सिरियल नंबर. साठवणीच्या उपकरणांसाठी १९९९ च्या नियमपुस्तिकेने सिरियल नंबर सक्तीचा केला. तो किमान बारा अंकी असावा आणि त्याचे शेवटचे बारा अंक त्या उत्पादकाच्या त्या मालापुरते एकमेव असावेत, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. स्वस्त माल बनवणाऱ्या अनेकांनी हा नियम धाब्यावर बसवला आणि हजारो नगांवर एकच नंबर छापला, किंवा नंबर दिलाच नाही. तरी या माहितीमुळे एक मूलभूत प्रश्न प्रथमच नीट विचारता आला: ‘तोच’ पेनड्राइव्ह म्हणजे नेमके काय? मागच्या डाव्या पोर्टात जे काही असेल ते? अमुक सिरियल नंबरची वस्तू, मग ती कुठल्याही पोर्टात असो? की अमुक मजकूर असलेली फाइल सिस्टिम, मग ती दुसऱ्या वस्तूवर उतरवलेली असली तरी? प्रयोगशाळेत ठरावीक खाचेतून नमुन्याचे कार्ड वाचणाऱ्याला पहिले उत्तर हवे असते. कार्यालयाचा बॅकअप ड्राइव्ह ओळखू पाहणाऱ्याला दुसरे. जुनी डिस्क काढून तिची प्रत नव्या डिस्कवर चालवणाऱ्याला तिसरे. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि एकमेकांशी विसंगत आहेत. ज्या यंत्रणेला एकच नाव ठरवायचे आहे तिला यातले एक निवडून बाकीच्या दोघांना निराश करावे लागते. कर्नल नावे ठरवू लागतो तेव्हा तो नकळत हीच निवड करत असतो.

कर्नलच्या बाजूने झालेला सगळ्यात प्रामाणिक प्रयत्न म्हणजे रिचर्ड गूच यांची डेव्हएफएस ही फाइल सिस्टिम. फेब्रुवारी २००० मध्ये ती विकासाच्या शाखेत आली आणि जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलबरोबर लोकांपर्यंत पोहोचली. ती वापरणाऱ्यांच्या डोक्यावरचे हजारो पोकळ फाइलींचे ओझे तिने उतरवले. उपकरण जोडले की ड्रायव्हर स्वतः नाव नोंदवायचा आणि फाइल तयार व्हायची. काढले की ती नाहीशी व्हायची. डिस्कचे नाव म्हणजे एक लांब पत्ताच असे: होस्ट अमुक, बस तमुक, टार्गेट, लन, मग पार्टिशन. ज्यांनी तेव्हा ती वापरली त्यांना हा मोठा दिलासा होता, आणि पुढे तिच्यावर झालेल्या टीकेत याचे श्रेय क्वचितच दिले गेले. पण पत्त्याचा पहिला घटक, होस्टचा क्रमांक, हाही सापडण्याच्या क्रमानेच मिळत होता. अस्थिरता एका अक्षरातून काढून एका आकड्यात ठेवली गेली, एवढेच. शिवाय नावांची ही संपूर्ण पद्धत कर्नलच्या आत कोरलेली होती. एखाद्याला ती पटली नाही तर त्याच्यासमोर दोनच मार्ग: डेव्हएफएसडी हा सोबतचा कार्यक्रम चालवून जुनी नावे पुन्हा उभी करणे, किंवा कर्नल बदलणे. एकाच वेळी दोन घटना घडल्या तर घोटाळा होण्याच्या शक्यता तिच्या रचनेत होत्या, आणि काही काळाने तिची देखभालही थांबली.

ग्रेग क्रोह-हार्टमन तेव्हा आयबीएममध्ये होते आणि लिनक्समधली यूएसबीची बाजू सांभाळत होते. जोडल्या-काढल्या जाणाऱ्या उपकरणांचा गोंधळ त्यांच्यासमोर रोजचा होता. २००३ च्या वसंतात त्यांनी यूडेव्हची पहिली आवृत्ती जाहीर केली आणि त्याच उन्हाळ्यात ओटावा येथील लिनक्स परिषदेत तिच्यावर निबंध वाचला. डॅन स्टेक्लॉफ आणि काइ सीव्हर्स हे त्यांचे सुरुवातीचे सहकारी. पॅट्रिक मोशेल यांनी २.५ च्या शाखेत आणलेल्या सिसएफएसमुळे कर्नलला माहीत असलेली प्रत्येक गोष्ट, उत्पादक, सिरियल नंबर, कुठल्या हबच्या कुठल्या पोर्टात, सारे काही साध्या फाइलींमधून बाहेर वाचता येऊ लागले होते. यूडेव्हने या पायावर कामाची नवी वाटणी केली. कर्नल फक्त कळवतो की असे असे उपकरण आले आहे. ते ऐकणारा एक साधा कार्यक्रम सिसएफएसमधून पुरावे गोळा करतो, नियमांच्या फाइलीतल्या अटी ताडून पाहतो आणि नाव देतो. नियम म्हणजे साध्या मजकुराच्या ओळी: सिरियल नंबर अमुक असेल तर नाव ‘बॅकअप’. ती ओळ लिहायला कर्नल समजावा लागत नाही, पुन्हा बांधावा लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. निबंधाचा खरा गाभा हाच आहे, असे मला वाटते. त्यात तांत्रिक कौशल्य आहे, पण त्याहून मोलाची आहे ती सीमारेषा. वस्तुस्थिती सांगणे कर्नलचे काम. तिचा अर्थ लावणे बाहेरच्याचे. डिसेंबर २००३ मध्ये २.६ कर्नल आला तेव्हा डेव्हएफएसवर ‘कालबाह्य’ असा शिक्का होता, आणि २००६ मध्ये तिचा कोड काढून टाकण्यात आला. त्याच २.६ ने मेजरला बारा आणि मायनरला वीस बिट देऊन क्रमांकांची कोंडीही फोडली.

यूडेव्हने हक्क मोकळा केला. त्या हक्काचा सर्वांत शहाणा वापर सुझे या लिनक्स कंपनीच्या हानेस राइनेके यांनी सुचवला. २००४ साली त्यांनी मांडलेल्या योजनेवर आधारलेले नियम आजही बहुतेक लिनक्स वितरणांत सापडतात, आणि त्या फाइलीच्या माथ्यावर त्यांचे नाव आणि ते साल आहे. योजना अशी की डिस्कला एकच उत्तम नाव देण्याचा हट्टच सोडायचा. ‘एसडीबी’ राहू द्यायचे, आणि तिच्याकडे बोट दाखवणारे अनेक दुवे वेगवेगळ्या डिरेक्टऱ्यांत ठेवायचे. ‘बाय-आयडी’त उत्पादक, माल आणि सिरियल नंबर यांवरून, ‘बाय-पाथ’मध्ये पोर्टावरून, ‘बाय-यूयूआयडी’त फाइल सिस्टिम तयार होताना तिच्यात लिहिलेल्या क्रमांकावरून, ‘बाय-लेबल’मध्ये माणसाने दिलेल्या नावावरून. वर विचारलेल्या ‘तोच म्हणजे काय’ या प्रश्नाची तिन्ही उत्तरे इथे एकाच वेळी हजर आहेत, आणि निवड ज्याला गरज आहे त्याच्याकडे सोपवली आहे. प्रत्येक नाव कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे डिरेक्टरीच्या नावातच सांगितलेले असते. त्यामुळे ते कधी दगा देईल याचाही अंदाज बांधता येतो. पोर्ट बदलला की ‘बाय-पाथ’ बदलेल, फॉरमॅट केले की ‘बाय-यूयूआयडी’ बदलेल, ‘बाय-आयडी’ दोन्हींत टिकेल. ईएक्सटी घराण्यातल्या फाइल सिस्टिमचा क्रमांक १२८ बिटांचा असतो. पेनड्राइव्हवर सर्रास असणाऱ्या फॅटचा मात्र ३२ बिटांचाच, आणि तोही बहुधा फॉरमॅट करतानाच्या तारीख-वेळेवरून काढलेला. लेबलला फॅटमध्ये जागा आहे अकरा अक्षरांची. हे पुरावे सारख्या वजनाचे नाहीत, आणि योजनेने ते सारख्या वजनाचे असल्याचा आवही आणला नाही.

या व्यवस्थेची कसोटी लगेचच लागली. जेफ गार्झिक यांच्या लिबएटीए या ड्रायव्हरसंचाने जुन्या आयडीई डिस्कही स्कझीच्या थराखाली आणल्या, आणि ‘एचडीए’ ही ‘एसडीए’ झाली. जी नावे इतकी वर्षे जागेला बांधलेली म्हणून भरवशाची होती तीही रांगेत आली. मे २००७ च्या फेडोरा ७ मध्ये हा बदल एका रात्रीत लाखो यंत्रांवर लागू होऊ शकला, कारण ‘एफएसटॅब’मध्ये नावाऐवजी लेबल किंवा यूयूआयडी लिहिण्याची पद्धत तोवर रुजू लागली होती; उबुंटूने २००६ च्या ६.१० मध्येच यूयूआयडी स्वीकारले होते. ज्यांनी ‘एचडीए’ हाताने लिहून ठेवले होते त्यांना त्रास झाला, आणि तो खरा होता. पण कर्नल घडवणाऱ्यांना डिस्कचा संपूर्ण थर बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले ते आपल्या नावांवर आता कोणी विसंबून नाही या खात्रीमुळेच. जुना आयडीई ड्रायव्हर अखेर २०२१ च्या ५.१४ कर्नलमधून गेला तेव्हा सामान्य वापरकर्त्याला त्याची चाहूलही लागली नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत टोकदार आक्षेप इतिहासातूनच येतो. २००९ च्या अखेरीस २.६.३२ कर्नलमध्ये डेव्हटीएमपीएफएस ही नवी व्यवस्था आली, आणि ती पुन्हा कर्नलच्या आतून ‘डेव्ह’मधल्या फाइली तयार करू लागली. लिहिणाऱ्यांत खुद्द सीव्हर्स आणि क्रोह-हार्टमन होते. मग डेव्हएफएसच बरोबर नव्हती का? अनेकांनी तेव्हा तसे म्हटले. फाइल तयार करणे हे काम कर्नलकडे परत गेले हे मान्यच करायला हवे. सुरुवातीच्या यूडेव्हने ते बाहेर नेऊन यंत्र सुरू होण्याचा वेळ वाढवला होता, आणि त्या बाबतीत गूच यांची दिशा योग्य होती. पण नवी व्यवस्था फाइलीला देते ते कर्नलचे कच्चे नाव. डिस्कचा अर्थ सांगणारी नावे बाहेरच राहिली. इतकेच नव्हे, पुढे यूडेव्हने डिस्कचे कच्चे नाव बदलण्याची सोयच काढून टाकली आणि नियमांना फक्त जास्तीचे दुवे जोडू दिले. पूर्वी ‘नाव अमुक ठेव’ असे नियम लिहिणाऱ्यांना ही माघार वाटली. माझ्या मते ती सीमारेषेची शेवटची दुरुस्ती होती: कर्नलचे नाव कर्नलकडे, माणसांची नावे माणसांकडे, आणि एकाने दुसऱ्याची नावे खोडायची नाहीत.

दुसरा आक्षेप असा की हे सारे व्यवस्थापकांचे लाड आहेत. सामान्य माणसाला पेनड्राइव्ह जोडल्यावर पडद्यावर चित्र दिसले की पुरे, आणि विंडोजने ते एका अक्षरात साधले. विंडोज आपले ड्राइव्ह-अक्षर नोंदवहीत लक्षात ठेवते, हे खरे. पण अक्षरे सव्वीसच आहेत, आणि दरम्यान तेच अक्षर दुसऱ्या कोणी घेतले असेल तर ओळखीचा ड्राइव्ह नव्या अक्षराने येतो. लिनक्सच्या टेबलावरची सोयही काही वेगळ्या जादूने आलेली नाही. पूर्वी डेव्हिड झॉयटेन यांचा एचएएल आणि नंतर यूडिस्क्स हे कार्यक्रम पेनड्राइव्ह त्याच्या लेबलच्या नावाने उघडून देत आले ते यूडेव्हने गोळा केलेल्या पुराव्यांवरूनच. चित्रावर टिचकी मारणारा आणि नियमाची ओळ लिहिणारा एकाच पायावर उभे आहेत. यूयूआयडीचे छत्तीस अक्षरी ध्यान वाचवत नाही ही तक्रार मात्र रास्त आहे. ते हाताने लिहिण्यासाठी नाहीच. ज्याला वाचायचे आहे त्याने लेबल द्यावे. तिथे दुसरा धोका आहे हेही सांगायला हवे. रेड हॅट एके काळी मूळ पार्टिशनला सरसकट ‘/’ हेच लेबल देई. तशाच दुसऱ्या यंत्रातली डिस्क आणून जोडली की दोन डिस्क एकाच लेबलवर हक्क सांगत. वाचनीय नावे माणसे एकसारखीच ठेवतात, आणि म्हणूनच ती एकमेव राहत नाहीत.

तिसरा आक्षेप सत्तेविषयी आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. एप्रिल २०१२ मध्ये यूडेव्हचा कोड सिस्टिमडी या मोठ्या प्रकल्पात विलीन झाला. कर्नलकडून काढलेला हक्क लोकांकडे गेला, की दुसऱ्याच एका मध्यवर्ती प्रकल्पाकडे? चिंता निराधार नव्हती. पण नंतर काय घडले तेही पाहावे. त्याच वर्षाच्या अखेरीस जेंटू या वितरणाच्या काही लोकांनी ईयूडेव्ह ही वेगळी शाखा काढली, आणि ती तेच नियम वाचत राहिली. राउटर आणि छोट्या यंत्रांवर बिझीबॉक्समधला एमडेव्ह आपल्या तुटपुंज्या नियमांनिशी हेच काम करतो. यांपैकी कोणालाही कर्नलला हात लावावा लागला नाही. डेव्हएफएसशी न पटलेल्यांना ही मुभा नव्हती. हक्क कर्नलबाहेर गेल्याने तो कोणा एकाकडे साचणारच नाही अशी हमी मिळत नाही. साचला तर वेगळे होण्याची वाट मात्र मोकळी राहते, आणि ती वाट प्रत्यक्षात वापरली गेली.

शेवटचा आक्षेप पुराव्यांच्या खरेपणाचा. ‘डीडी’ने एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर उतरवली की तिचा यूयूआयडीही उतरतो, आणि ‘बाय-यूयूआयडी’तला एकच दुवा दोनपैकी कोणाकडे बोट दाखवील ते सांगता येत नाही. एक्सएफएस फाइल सिस्टिम अशा जुळ्यांतले दुसरे माउंट करायला सरळ नकार देते, आणि ‘नोयूयूआयडी’ असा पर्याय स्पष्ट लिहिल्याशिवाय मानत नाही. सिरियल नंबरही खोटा असू शकतो, आणि २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी अमेरिकेतल्या ब्लॅक हॅट परिषदेत दाखवून दिले की पेनड्राइव्हमधला फर्मवेअर बदलून त्याला कीबोर्डचे सोंगही देता येते. उपकरण स्वतःविषयी जे सांगते त्यावरून त्याला ओळखणे वेगळे आणि त्याच्यावर विश्वास ठेवणे वेगळे. यूडेव्हचे नियम पहिल्या कामासाठी लिहिले गेले होते. पण दुसऱ्या कामासाठी लिनक्सने जी रचना उभी केली तीही त्याच सीमारेषेवर आहे. प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी सिसएफएसमध्ये ‘ऑथोराइज्ड’ नावाची एक फाइल असते. तिच्यात शून्य लिहिले की कर्नल त्या उपकरणाला ड्रायव्हर लावत नाही. शून्य केव्हा लिहायचे आणि एक केव्हा, हे तो ठरवत नाही. ते यूएसबीगार्डसारखा बाहेरचा कार्यक्रम आपल्या नियमांवरून ठरवतो, आणि त्या नियमात उत्पादक व मालाचा क्रमांक, सिरियल नंबर, कोणत्या पोर्टात जोडले, कोणत्या प्रकारचे उपकरण असल्याचा दावा केला आहे, आणि त्याने दिलेल्या साऱ्या माहितीचा हॅश, अशा अटी एकत्र घालता येतात. साठवणीसाठी म्हणून ओळखीचा असलेला पेनड्राइव्ह अचानक कीबोर्ड असल्याचेही सांगू लागला, तर त्याचा सिरियल नंबर जुळूनही त्याला आत घेतले जात नाही.